माळढोकाला माळ हवा

माळढोकाचा विषय निघाला की सोलापुरापासून मुंबईपर्यंत एकच सूर लागतो. "राहिलेत किती, एक की दोन? त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? अभयारण्य होऊन चाळीस वर्षं उलटली, पक्षी वाढला नाही, उलट गेला. शेतकऱ्याला मात्र जमिनीचे व्यवहार करता येईनात. माळावर कुसळांशिवाय उगवतं काय? झाडं लावा, सोलर बसवा, गावातल्या पोरांना काम तरी मिळेल. आणि पक्षी हवाच असेल तर राजस्थानात तो पिंजऱ्यात वाढवताहेत. वाढू द्या तिथं."

असं म्हणणारे पक्ष्यांचे वैरी नसतात. त्यांतले कित्येक जण पावसाळ्यात हौसेनं रोपं लावतात, ताडोब्याला जाऊन वाघ बघून येतात, मुलांना पक्ष्यांची पुस्तकं आणून देतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला उत्तर देणं भाग आहे. बंदूक घेऊन येणाऱ्याला अडवायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. समजूतदारपणे मान हलवत "आता काय उपयोग" म्हणणाऱ्याला अडवणारा कायदा नाही, आणि माळढोकाचा उरलासुरला माळ आज याच समजूतदारपणाखाली गाडला जातो आहे.

आधी "संपलाच आहे" हे घेऊ. आकडे झाकण्यात अर्थ नाही. १९६९ साली पक्षीअभ्यासक धर्मकुमारसिंहजींनी देशभरातल्या माळढोकांचा अंदाज १,२६० च्या आसपास बांधला होता. २०१८ पर्यंत तो दीडशेच्या घरात आला, आणि त्यातले बहुतेक सगळे पक्षी राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. कच्छमध्ये मोजक्या माद्या उरल्या. आंध्रातल्या रोळ्ळापाडूत, कर्नाटकात सिरुगुप्प्याकडं, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला नाहीतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या बाजूला एखादा पक्षी दिसला तर त्याची बातमी होते. २०११ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. एके काळी सालिम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून ज्याचं नाव पुढं केलं होतं, त्या पक्ष्याची ही अवस्था. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोराचं चांगलं झालं. माळढोकाकडं बघायला कुणाला सवड झाली नाही.

पण यातून "सोडून द्या" हा निष्कर्ष कसा निघतो? १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ निघाले तेव्हा "आता उशीर झाला" असं म्हणून कुणी फाईल बंद केली का? दुसऱ्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. गावं हलली, जंगलं राखली गेली, पैसा ओतला गेला, आणि २०२२ च्या गणनेत वाघ साडेतीन हजारांच्या पुढं गेले. उत्तर अमेरिकेतल्या व्हूपिंग क्रेन या जवळजवळ माणसाएवढ्या उंच पक्ष्याची १९४१ मधली रानातली संख्या जेमतेम वीस-बावीस होती. आज ते शेकड्यांनी आहेत. ते जगले कारण टेक्सासच्या किनाऱ्यावरची त्यांची हिवाळ्यातली दलदल १९३७ पासून राखलेली होती. पक्षी थोडे होते, पण त्यांना उतरायला जागा होती. संख्या कमी असणं हे जागा सोडायचं कारण होऊ शकत नाही. वाघासाठी आपल्याला हे कळतं आणि माळढोकासाठी कळत नाही, याचं कारण एकच: वाघ जंगलात राहतो, आणि जंगल राखायचं असतं हे आपल्याला शाळेपासून शिकवलं आहे. माळ राखायचा असतो, हे कुणीच शिकवलं नाही.

दुसरा मुद्दा शिकारीचा. "साहेबांनी आणि संस्थानिकांनी मारून संपवला, आता आम्हाला कशाला दोष?" शिकार झाली, आणि भयंकर झाली, हे खरं आहे. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसानं, एका जिल्ह्यात. तेव्हा हा पक्षी बंदूकवाल्यांच्या लेखी मानाची शिकार होता: मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. स्वातंत्र्यानंतर बैलगाडीच्या आडून होणारी शिकार जीपमधून व्हायला लागली. ज्याची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, अशा पक्ष्याचा मोठा नर किंवा मादी मारली की ती तूट भरून यायला किती वर्षं जावी लागतात?

पण याच नोंदीतली दुसरी बाजू बघा. वीस वर्षं एक माणूस मारत राहिला तरी त्याला मारायला पक्षी सापडत होते. त्यानंतर आणखी दीडशे वर्षं नगर-सोलापूरच्या पट्ट्यात माळढोक टिकून राहिला. का टिकला? क्षितिजापर्यंत माळ होता म्हणून. शिकार कायद्यानं बंद झाल्यावर, निदान बरीचशी थांबल्यावर, पक्ष्यानं सावरायला हवं होतं. सावरला नाही, कारण ज्या काळात बंदुका खाली ठेवल्या गेल्या त्याच काळात त्याच्या पायाखालची जमीनही गेली. सगळा दोष मॅन्सफील्डच्या माथी मारून मोकळं होणं सोयीचं आहे. १९७२ नंतरचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा?

आणि शिकारीचं बोट दाखवताना गावोगाव ते पारध्यांकडं वळतं, हे तर संतापजनक आहे. अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर हा माळढोकाचा धाकटा भाईबंद येतो. पावसाळ्यात त्याचा नर गवतातून माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो, पंख फडफडवत क्षणभर वर थांबतो आणि परत गवतात पडतो. दिवसभरात शेकडो वेळा. गवत कापून नेलं, नांगरलं किंवा झाडांखाली गेलं की त्या उडीला अर्थच उरत नाही. तोही आता अतिसंकटग्रस्त आहे. त्याचे गवताळ तुकडे राखायला कोण पुढं आलं? फासेपारध्यांची कुटुंबं, 'संवेदना' या संस्थेच्या साथीनं. पक्षी कुठं बसतो, कधी उठतो, अंडी कुठं असतात हे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना ठाऊक, त्यांनी तेच ज्ञान राखणीसाठी वापरलं. ज्यांच्या नावावर धड जमीन नाही त्यांनी माळ राखला, आणि ज्यांच्या हातात जमिनीचे नकाशे आहेत त्यांनी त्यावर चर मारले.

इथं मी या वादाच्या गाभ्याशी येतो. "माळ पडीक आहे, झाडं लावली तर पर्यावरणाचंच भलं." हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याचा राग येण्यापेक्षा आता भीती वाटते. कारण हे साफ खोटं आहे.

दख्खनचा पर्जन्यछायेतला पट्टा घ्या. सोलापूरला वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. काळ्या कातळावर वीतभर मुरूम, कुठं तेवढाही नाही. या जमिनीवर दाट जंगल होतं आणि माणसानं तोडलं म्हणून माळ झाला, ही समजूत ब्रिटिश वनखात्यापासून आपल्या शाळेच्या पुस्तकांपर्यंत चालत आली. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुनं मराठी वाङ्मय, ओव्या आणि आख्यानं तपासून त्यांत आलेल्या रानटी वनस्पतींची यादी काढली. ४४ जाती निघाल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश उघड्या, विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशातल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्या-गाणाऱ्या माणसालाही आजूबाजूला बाभळी, बोरी आणि गवतच दिसत होतं. हा माळ म्हणजे जंगलाचं प्रेत नाही. तो मुळातच माळ आहे, आणि आपल्या भाषेइतका तरी जुना आहे.

आता या "रिकाम्या" जागेत काय आहे ते जवळून बघू. आषाढात पहिले दोन पाऊस झाले की पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी उगवून येतात. भाद्रपदापर्यंत गवत गुडघ्याला लागतं. त्यात नाकतोडे इतके की पाऊल टाकावं तिथून उडतात. माळढोक ते खातो, भुंगेरे खातो, सरडे खातो, हिवाळ्यात बोरं आणि शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा खातो. याच काळात नर माळावरच्या एखाद्या उंचवट्यावर येऊन उभा राहतो. शेपूट पाठीवर उलटी टाकतो, पंख सैल सोडतो, गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत पार पायांपर्यंत लोंबते, आणि मग तो खोल, दबका घुमारा करतो. हा सगळा थाट लांबच्या मादीनं बघावा यासाठी असतो. मधे झाडांची रांग आली की बघणारच कोण? मादी घरटं बांधत नाही. मुरमाडीवर, गवताच्या चार काड्यांच्या आडोशाला, उघड्या जमिनीवर ती अंडं घालते आणि जवळजवळ महिनाभर त्यावर बसते. तिचं संरक्षण म्हणजे तिची नजर. कोल्हा, कुत्रा, माणूस कुठून येतोय हे तिला लांबून दिसलं पाहिजे. तिच्या शेजारी झाड लावणं म्हणजे तिच्या अंड्यावर नजर ठेवायला कावळ्याला बैठक करून देणं.

माळढोक एकटा राहत नाही. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, धाविक, पखुर्डी, चंडोलांच्या चार-पाच जाती, हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या ससाणे हे सगळे याच माळावर जगतात. यातल्या एकाला तरी लागवडीतल्या गिरिपुष्पाच्या झाडांच्या रांगा हव्या आहेत का?

तरीही रांगा लागल्या. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यानं पन्नास कोटी झाडं लावायचं ठरवलं; एकट्या २०१९ चं लक्ष्य ३३ कोटी होतं. एवढी झाडं लावायला जागा कुठली? जंगलात झाडं आधीच आहेत, शेत शेतकरी देत नाही. उरला माळ आणि गायरान. पुणे-सोलापूर रस्त्यालगतच्या एका माळावर हे काम कसं होतं ते मी पाहिलं आहे. जेसीबीनं उताराला आडवे चर ओढले होते. निघालेला मुरूम शेजारच्या गवतावर पसरून टाकला होता, चांगलं वाढलेलं पवन्याचं गवत त्याखाली दबलं होतं. चरांच्या काठानं काळ्या पिशव्यांतली रोपं एका ओळीत ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तर रोपं बहुतेक जळून गेली होती, मातीत पिशव्यांच्या चिंध्या होत्या, आणि उकरलेल्या पट्ट्यांवर गवताच्या जागी टाकळा आणि गाजरगवत माजलं होतं. झाड जगलं नाही, गवत मेलं. कागदावर मात्र तो माळ "हरित" झाला.

समजा रोपं जगली असती, तर? त्यांनी मुरमाखालचं थोडंथोडकं पाणी ओढलं असतं, सावलीनं गवत मारलं असतं, आणि मेंढरं चारणाऱ्या धनगराला आणखी दोन कोस लांब जायला लावलं असतं. "पण झाडं कार्बन शोषतात ना?" गवतही शोषतं, आणि त्यातला बराचसा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवतं. वणवा लागला तरी तो तिथंच राहतो, पुढच्या पावसात गवत त्याच मुळांतून परत उठतं. चर मारून ती माती उलथून टाकायची आणि तिच्यावर सुबाभूळ लावून हवामान वाचवल्याचं समाधान मानायचं, हा कुठला हिशेब?

महसुली दप्तरात अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात, सरकारी नकाशात ती पडीक. ज्यातून सारा येत नाही ते निरुपयोगी, हा इंग्रजांच्या तिजोरीचा निकष होता. त्यांना जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आपण अजून त्याच निकषानं माळ मोजतो आणि वर त्याला पर्यावरण म्हणतो.

आता अभयारण्याचं. इथं विरोधकांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी मान्य करतो. सत्तरच्या दशकात सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरच्या माळढोकांकडं लक्ष वेधलं, आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावं, बाजारपेठा, उसाचे फड, रस्ते सगळं एका रेघेत घेतलं. ज्यांच्या शेतात माळढोक कधी उतरला नाही अशांच्याही जमिनींचे व्यवहार अडकले. शेतकऱ्यांचा संताप रास्त होता. ज्यानं ती रेघ ओढली त्यानं पक्ष्याला आणि शेतकऱ्याला एकमेकांसमोर उभं केलं.

पण यातून काय सिद्ध होतं? साडेआठ हजार चौरस किलोमीटर कागदावर राखलं, आणि प्रत्यक्षात गवत कुठं राखलं? नान्नज, मार्डी, अकोलेकाटीच्या आसपासचे काही शे हेक्टरांचे तुकडे. बाकीच्या अभयारण्यात उजनीचं पाणी आलं, ज्वारी-करडई जाऊन ऊस आला, डाळिंब आणि द्राक्षं आली, विहिरी-बोअर झाल्या, कुंपणं झाली, औषधांच्या फवाऱ्यांनी नाकतोडे संपले. माळढोकाला नुसता माळ पुरत नाही. माळाला लागून रब्बी ज्वारीची, हुलग्या-मटकीची कोरडवाहू शेतं लागतात. तो दोन्हींत वावरतो. ती शेतं गेली. पुढं सर्वोच्च न्यायालयातल्या प्रक्रियेतून क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आता म्हणतात, "अभयारण्य करूनही पक्षी वाढला नाही." ज्या गोष्टीचा प्रयोगच झाला नाही ती फसली असं कसं म्हणता येईल? जिथं गवत खरोखर राखलं त्या थोड्या हेक्टरांवर तर तो इतकी वर्षं येत राहिला. राज्यात माळढोक म्हटलं की आजही नान्नज आठवतं ते त्या तुकड्यांमुळं, साडेआठ हजारांच्या रेघेमुळं नव्हे.

मध्य प्रदेशातल्या करेऱ्याचं उदाहरण विरोधक देतात. तिथं १९८१ मध्ये अभयारण्य झालं, जमिनीवर बंधनं आली, काळवीट वाढून पिकं खाऊ लागले, लोक चिडले, आणि नव्वदच्या दशकात माळढोक नाहीसा झाला. खरं आहे. पण करेऱ्याचा धडा "राखू नका" असा नाही. गावाला नुकसान सोसायला लावून राखू नका, असा आहे. पिकाची भरपाई वेळेवर द्या, कोरडवाहू ज्वारी टिकवणाऱ्या शेतकऱ्याला एकरी पैसे द्या, चराईचा हक्क काढून घेऊ नका, तिचं वेळापत्रक धनगरांशी बसून ठरवा. माणसाला बाहेर काढून माळ राखला जात नाही. मेंढरं थांबली की कित्येक ठिकाणी झुडपं माजतात. उसाला पाणी, कारखान्याला सवलत, फळबागेला अनुदान देताना तिजोरी उघडते. ज्वारीच्या एका कोरड्या शेतासाठीच ती बंद का व्हावी?

"मग सोलर नको का? वीज हवी की पक्षी?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठरवून हवं असतं. वीज हवीच. सौरऊर्जा तर हवीच हवी. प्रश्न कुठं, एवढाच आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. समोरचं त्याला फार कमी दिसतं. एवढा जड पक्षी वेगात असताना तार दिसेपर्यंत वळू शकत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरमध्ये दरवर्षी सुमारे अठरा माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात. दीडशेतले अठरा. वर्षाला एक अंडं घालणारा पक्षी हे कसं भरून काढणार? म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या वावरातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल होऊन तज्ज्ञ समिती नेमली गेली, कारण एवढ्या मोठ्या क्षेत्रात ते अवघड असल्याचं सरकारनं सांगितलं. राजस्थानातली अडचण मी समजू शकतो. पण नान्नजच्या आसपास किती तारा आहेत? काही गावांच्या वाहिन्या. तेवढ्या जमिनीखाली घेणं महाराष्ट्रासारख्या राज्याला जड आहे का? आणि सोलरसाठी कारखान्यांची छपरं, कालव्यांच्या कडा, बाजार समित्यांची आवारं, खरोखर नापीक झालेली चोपण रानं असताना पहिली नजर गवताळ गायरानावरच का जाते? तिथं कुणी दावा सांगणारं नाही म्हणून. जनावरं चारणाऱ्याकडं सातबारा नसतो आणि पक्ष्याकडं मत नसतं.

राहिला पिंजऱ्याचा मुद्दा. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून आणि पुढं रामदेवऱ्यात माळढोकाचं प्रजनन केंद्र चालतं. रानातली अंडी उचलून, उबवून पिल्लं वाढवली गेली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिल्लू झालं. ही माणसं करताहेत ते काम असामान्य आहे आणि त्याला हात जोडावेत इतकं मोलाचं आहे. पण ते काम कशासाठी आहे? पिंजऱ्यात पक्षी ठेवण्यासाठी? तो पक्षी कधीतरी मोकळ्या माळावर सोडायचा आहे. तिथं वाढलेल्या पिल्लांना उतरायला दख्खनमध्ये जागाच राहिली नाही, तर ते केंद्र प्राणिसंग्रहालय होऊन बसेल. "राजस्थानात वाढवताहेत" हे माळ सोडून द्यायचं कारण नाही, माळ राखायचं सर्वांत मोठं कारण आहे. पूर्वी म्हणता यायचं की पक्षीच नाही तर माळ कशाला. आता पक्षी तयार होतो आहे. त्याला परत आणायची वेळ येईल तेव्हा नान्नजच्या गवतात गिरिपुष्पाची राई उभी असली, तर ती कुणी लावली हे विचारलं जाईल.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती आजपासून लागू करता येण्यासारखी आहे. नान्नज आणि सोलापूर-नगर पट्ट्यातल्या गवताळ जमिनी, आणि तणमोराची अकोला-वाशीमची गायरानं, वृक्षलागवडीच्या यादीतून कायमची वगळा. जिथं माळावर बाहेरची झाडं लावली आहेत ती काढा. झाड तोडण्याबद्दल ओरड होईल, ती सोसा. माळाच्या कडेची रब्बी ज्वारी टिकवणाऱ्याला पैसे द्या आणि ते त्याच्या खात्यात पेरणीआधी जमा करा. अभयारण्यातल्या वाहिन्या जमिनीखाली घ्या. भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा, कारण उघड्यावरचं अंडं आणि पिल्लू दोन्ही त्यांच्या तोंडी जातं. राखणीचं काम पगार देऊन पारध्यांना आणि धनगरांना द्या, त्यांच्याएवढं माळ वाचणारं कुणी नाही. सम आणि रामदेवऱ्यातल्या पक्ष्यांपैकी काही नान्नजला यावेत, अशी लेखी मागणी महाराष्ट्रानं आत्ताच केंद्राकडं नोंदवावी आणि तोवर गवत तयार ठेवावं.

आणि पुढच्या जूनमध्ये रोपांनी भरलेले ट्रक माळाच्या कडेला येऊन उभे राहतील, सोबत जेसीबी आणि फोटोवाले येतील, तेव्हा ज्या गावांचं ते गायरान आहे त्यांनी ग्रामसभेचा ठराव दाखवून ते तिथूनच परत पाठवावेत.